नव्या इमारतीतली गळती, तडे आणि बिल्डर: दोषाचा दावा कसा उभा करायचा

महाराष्ट्रात नव्या इमारतीत राहायला गेलेल्या जवळजवळ प्रत्येकाला एक गोष्ट ऐकून माहीत असते: 'पाच वर्षं बिल्डरची जबाबदारी.' प्रत्यक्षात मात्र पहिल्या पावसाळ्यात बेडरूमच्या कोपऱ्यात ओल येते, सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो पडतात आणि बिल्डरचा माणूस पुट्टी मारून जातो. पुढच्या पावसाळ्यात ओल परत येते, पुन्हा पुट्टी लागते. पाचवं वर्ष संपत आलं की कुणीतरी वकील गाठतं. वकील विचारतो, "बिल्डरला लेखी कधी कळवलंत?" आणि त्याला ग्रुपवरचे फोटो दाखवले जातात.

बांधकामदोषाचे दावे सुनावणीत ठरतात त्यापेक्षा कितीतरी जास्त आधीच्या कागदांवर ठरतात. त्यातले दोन कागद निर्णायक असतात: दोषाचं कारण सांगणारा अभियंत्याचा अहवाल आणि मुदतीत पोचलेली नोटीस. हे दोन पक्के असतील तर बरेचदा सुनावणीपर्यंत जावंही लागत नाही. म्हणून या लेखात कोर्टाबद्दल कमी आणि त्याआधीच्या कामाबद्दल जास्त लिहिलं आहे.

पहिलं काम: तारीख शोधणं

स्थावर संपदा (विनियमन आणि विकास) अधिनियम, २०१६, म्हणजे आपला रेरा कायदा. त्याचं कलम १४(३) सांगतं की ताबा दिल्याच्या तारखेपासून पाच वर्षांच्या आत इमारतीतला संरचनात्मक दोष किंवा कारागिरी, दर्जा, सेवासुविधा यांतला दोष प्रवर्तकाच्या, म्हणजे बिल्डरच्या, निदर्शनास आणून दिला, तर त्याने तो ३० दिवसांत जादा पैसे न घेता दुरुस्त करायचा. नाही केला तर सदनिकाधारक भरपाईला पात्र ठरतो.

यातले 'निदर्शनास आणून दिला' हे शब्द नीट वाचा. पाच वर्षांत दोष दिसून भागत नाही, तो पाच वर्षांत कळवलेला असावा लागतो. आणि कळवलं होतं हे सिद्ध करण्याची वेळ आली की ते काम तुमच्यावरच येतं.

ताब्याची तारीख ताबापत्रावर असते. भोगवटा प्रमाणपत्राची, म्हणजे ओसीची, तारीख वेगळी असू शकते आणि सोसायटीकडे सामाईक भाग सोपवल्याची तारीख आणखी वेगळी. गच्ची किंवा बाहेरच्या भिंतींसाठी यातली कोणती तारीख धरायची यावर वाद घालता येतो, पण तशी वेळच का आणायची? इमारतीत सर्वात आधी ज्याला ताबा मिळाला त्याची तारीख धरा आणि त्या हिशेबाने नोटीस द्या.

घर पुनर्विक्रीत घेतलं असेल तरी हक्क जात नाही. रेरातल्या 'वाटपग्राही'च्या व्याख्येत नंतर खरेदी करणाराही येतो (भाडेकरू येत नाही). मात्र घड्याळ पहिल्या ताब्यापासूनच चालू झालेलं असतं, तुमच्या खरेदीखतापासून नाही. चौथ्या वर्षी घर घेणाऱ्याने आधीच्या मालकाकडून ताबापत्राची प्रत मागून घेतलीच पाहिजे.

इमारत रेरात नोंदलेली नसेल तर? १ मे २०१७ ला ज्या प्रकल्पांना पूर्णत्वाचा दाखला मिळालेला नव्हता त्यांना नोंदणी सक्तीची झाली. ५०० चौरस मीटरपर्यंतचा भूखंड किंवा आठपर्यंत सदनिका असलेले छोटे प्रकल्प त्यातून सुटले. अशा इमारतींसाठी १९६३ चा मोफा, म्हणजे महाराष्ट्राचा सदनिका मालकीचा कायदा, आहे. त्याच्या कलम ७(२) मध्ये दोष कळवण्याची मुदत ताब्यापासून तीन वर्षं आहे. शिवाय ग्राहक आयोगाचा रस्ता सगळ्यांनाच मोकळा आहे; त्याबद्दल पुढे.

दुसरं काम: ओल हे लक्षण आहे, कारण शोधा

'भिंतीला ओल आहे' अशी तक्रार केली की बिल्डर रंग लावतो, कारण रंग खराब झाला एवढंच तुम्ही सांगितलेलं असतं. 'बाहेरच्या भिंतीवर बीम आणि वीटकाम यांच्या सांध्यात फट असल्यामुळे पावसाचं पाणी आत येतं' असं लिहिलं तर रंग लावून सुटका होत नाही.

ओल केव्हा येते याची नोंद ठेवा. फक्त पावसाळ्यात येत असेल तर संशय गच्ची, बाहेरची भिंत, खिडकीची चौकट यांच्यावर. बाराही महिने राहत असेल तर संडास-बाथरूम किंवा भिंतीतली पाइपलाइन. तळमजल्यावर जमिनीपासून ठरावीक उंचीपर्यंतच पट्टा दिसत असेल तर पाणी पायातून वर चढतंय, म्हणजे जोत्याजवळचा ओलप्रतिबंधक थर कमी पडलाय. आणि वातानुकूलित खोलीच्या कोपऱ्यात, जिथे हवा खेळत नाही तिथे काळी बुरशी असेल तर ते हवेतल्या बाष्पाचं थंड भिंतीवर पाणी झाल्यामुळेही असू शकतं. त्यात बिल्डरचा दोष दाखवणं अवघड जातं, हे आधीच मान्य केलेलं बरं.

बाथरूमची परीक्षा घरच्या घरी होते. नहाणी ट्रॅप घट्ट बंद करा, लादीवर दोन-तीन इंच पाणी साठवा, पातळीची खूण करा आणि २४ तास थांबा. खालच्या मजल्याच्या छताचे फोटो आधी, मधे आणि नंतर काढा. पाण्यात थोडा रंग घातला तर खाली उमटणाऱ्या डागावरून संशय उरत नाही. गच्चीवर हीच परीक्षा बांध घालून ४८ तासांपर्यंत करतात. लादीवर पाणी टिकवूनही खाली काही दिसलं नाही, पण नळ वापरला की ओल वाढते, तर पाइपकडे वळा. प्लंबर पाइपची दाबचाचणी करून देतो. अशी एकेक शक्यता वगळत गेलात तर अभियंत्याचं काम अर्धं होतं आणि त्याची फीसुद्धा कमी लागते.

तड्यांचं वाचन याहून नाजूक आहे. प्लास्टरवरच्या जाळीसारख्या केसाएवढ्या भेगा बहुधा गिलावा आकसल्याच्या असतात. दिसायला वाईट, पण इमारतीला धोका नसतो. कॉलम किंवा बीम आणि ब्लॉकची भिंत यांच्या सांध्यावर सरळ रेषेत तडा असेल तर दोन वेगळे पदार्थ वेगवेगळं आकुंचन-प्रसरण पावतात आणि सांध्यावर जाळी लावलेली नाही, किंवा नीट लावलेली नाही. हा कारागिरीचा दोष आहे, सरळ कलम १४(३) मध्ये बसणारा. खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरका जाणारा तडा अनेक कारणांनी येतो. पण तसेच तिरके तडे अनेक मजल्यांवर, एकाच बाजूला, खाली रुंद-वर बारीक किंवा उलट असे दिसत असतील तर पाया खचण्याची शक्यता तपासावीच लागते.

सगळ्यांत गंभीर दोष कॉलमच्या कोपऱ्यालगत, सळईच्या रेषेत उभा जाणारा तडा, सोबत तपकिरी डाग. सळई गंजली की गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा घेतो आणि काँक्रीट फोडून बाहेर येतो. तीस वर्षांच्या इमारतीत हे वयोमानाने होतं. चार वर्षांच्या इमारतीत झालं तर सळईवरचं काँक्रीटचं आवरण कमी आहे, काँक्रीट सच्छिद्र आहे किंवा वाळू-पाण्यात क्षार आहेत. इथे स्वतः अंदाज बांधत बसू नका, त्याच आठवड्यात स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा.

तोपर्यंत तड्यांच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा. तड्यावर आडवी काचेची पट्टी प्लास्टरने चिकटवणं ही जुनी युक्ती आजही उत्तम. काच तडकली म्हणजे तडा अजून हलतोय. हलणारा तडा आणि थांबलेला तडा यांची दुरुस्ती वेगळी असते, आणि आयोगापुढे त्यांचं वजनही.

तिसरं काम: अहवाल

अभियंता निवडताना दोन अटी पाळा. तो महापालिकेकडे नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअर असावा, आणि दुरुस्तीचं काम तो स्वतः किंवा त्याच्या ओळखीचा ठेकेदार करणार नसावा. ज्याला दुरुस्तीचं काम मिळणार आहे त्याचा अहवाल असेल तर बिल्डरचा वकील पहिलं बोट त्या हितसंबंधावरच ठेवतो. मोठ्या वादात व्हीजेटीआय (मुंबई), सीओईपी (पुणे) अशा अभियांत्रिकी संस्थांच्या स्थापत्य विभागाकडून तपासणी करून घेतली तर खर्च वाढतो, पण अहवालावर वाद घालणं अवघड होतं. चाचण्या एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतच.

काही चाचण्यांचा अर्थ सोसायटीच्या कमिटीलाही कळायला हवा. रिबाउंड हॅमर फक्त पृष्ठभागाचा टणकपणा सांगतो. त्यावरून काढलेल्या ताकदीच्या अंदाजात २५ टक्के इकडेतिकडे होऊ शकतं. त्यामुळे केवळ हॅमरच्या आकड्यांवर 'काँक्रीट निकृष्ट' असा दावा उभा करू नका. अल्ट्रासोनिक चाचणी आतली पोकळी आणि मधाच्या पोळ्यासारखं झालेलं काँक्रीट दाखवते. कव्हर मीटर सळईवरचं आवरण मोजतो. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे सौम्य वातावरणात किमान २० मिलिमीटर, मध्यम वातावरणात ३० आणि तीव्र वातावरणात ४५. समुद्रकाठच्या इमारतींत हा एक आकडा पुष्कळ काही सांगून जातो. ताज्या छेदावर फिनॉल्फ्थेलिन हे रंग बदलणारं रसायन शिंपडलं की निरोगी काँक्रीट गुलाबी होतं; जिथवर रंग येत नाही तिथवर कार्बोनेशन झालेलं असतं, म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने काँक्रीटचा क्षारपणा कमी केलेला असतो. तो रंगहीन पट्टा सळईपर्यंत पोचला असेल तर सळईचं संरक्षण गेलं.

खऱ्या अर्थाने निर्णायक चाचणी म्हणजे कोअर, म्हणजे काँक्रीटमधून कापून घेतलेला दंडगोल नमुना, काढणं. आयएस ४५६ नुसार किमान तीन कोअर हवेत, त्यांची सरासरी ठरलेल्या घनताकदीच्या (त्या दर्जाच्या काँक्रीटच्या ठोकळ्याची ताकद) किमान ८५ टक्के आणि एकही कोअर ७५ टक्क्यांच्या खाली नको. म्हणजे नकाशात एम२५ काँक्रीट (घनताकद २५) लिहिलं असेल तर सरासरी २१.२५ आणि कोणताही एक १८.७५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरपेक्षा कमी नको. एवढी स्पष्ट रेषा दुसऱ्या कुठल्या चाचणीत मिळत नाही. मात्र कोअर कुठून काढायचा हे अभियंताच ठरवेल. सळई कापली गेली तर तुम्हीच नवा दोष तयार केला असं व्हायचं.

अहवालात पाच गोष्टी असल्याच पाहिजेत असं मी आग्रहाने सांगेन: दोषाची नेमकी जागा (विंग, मजला, सदनिका, भिंतीची दिशा), कारण, ते कारण ताब्याआधीच्या बांधकामातलं आहे की नंतरच्या वापरातलं याबद्दल अभियंत्याचं स्पष्ट मत, दुरुस्तीची पद्धत, आणि बाबवार अंदाजपत्रक. तिसरी गोष्ट बहुतेक अहवालांत नसते. 'गळती आढळली, दुरुस्ती आवश्यक' एवढंच लिहिलेलं असतं. असा अहवाल कायद्याच्या दृष्टीने जवळजवळ निरुपयोगी.

सोबत मूळ कागद गोळा करा. कराराला जोडलेली सुविधा आणि साहित्याची यादी, मंजूर नकाशे, माहितीपुस्तिका. महारेराच्या, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाच्या पानावर यातलं बरंच मिळतं. रेराच्या कलम १९ प्रमाणे ताब्यानंतर सामाईक भागांसह आवश्यक कागद आणि नकाशे मिळणं हा तुमचा हक्कच आहे. बिल्डरने दिले नाहीत तर महापालिकेत माहितीचा अधिकार वापरा.

फोनमधले मूळ फोटो पुसू नका. व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या प्रतीत काढल्याची वेळ आणि दर्जा दोन्ही हरवतात. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, आणि ते मूळ उपकरण हाताशी असेल तर सोपं जातं.

चौथं काम: नोटीस

आधी ठरवा, नोटीस कुणाची. सदनिकेच्या आतले दोष (टाइल पोकळ वाजणं, दारं फुगणं, आतली पाइपलाइन) त्या-त्या सदस्याने मांडावेत. गच्ची, बाहेरच्या भिंती, पाण्याच्या टाक्या, लिफ्ट, ड्रेनेज यांसाठी सोसायटीने. सर्वसाधारण सभेत ठराव करा, कुणी सही करायची ते त्यात लिहा. सोसायटी अजून नोंदवलेली नसेल तर सदनिकाधारकांनी एकत्रित सह्यांनी दिलेली नोटीस चालते. सगळ्यांना सह्या गोळा करायला महिना लागणार असेल आणि मुदत तोंडावर आली असेल, तर एकट्याने आजच द्या, बाकीचे मागून देतील.

वकिलाचीच नोटीस पाहिजे असं कायदा म्हणत नाही. साधं, पण नेमकं पत्र पुरतं. त्याचा गाभा असा असू शकतो:

"आपण विकसित केलेल्या वरील प्रकल्पातील (महारेरा नोंदणी क्रमांक …) सदनिका क्रमांक … चा ताबा दिनांक … रोजी ताबापत्रान्वये देण्यात आला. सोबतच्या तक्त्यात नमूद केलेले दोष ताब्यापासून पाच वर्षांच्या आत आढळले असून ते या पत्राद्वारे आपल्या निदर्शनास आणून देत आहोत. दोषांची कारणे व दुरुस्तीची पद्धत सोबतच्या अभियंता अहवालात दिली आहे. स्थावर संपदा अधिनियमाच्या कलम १४(३) अन्वये हे पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत कोणताही खर्च न आकारता दुरुस्ती करावी. संयुक्त पाहणीसाठी दिनांक … ते … या काळात प्रवेश उपलब्ध राहील. मुदतीत दुरुस्ती न झाल्यास भरपाईसह सर्व कायदेशीर उपायांचा हक्क आम्ही राखून ठेवत आहोत."

तक्ता जोडताना प्रत्येक दोषाला क्रमांक द्या. पुढे सुनावणीत 'दोष क्रमांक ७' म्हणता आलं की वेळ वाचतो. पत्र स्पीड पोस्टने, पोच घेऊन, करारातल्या पत्त्यावर आणि कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर पाठवा. त्याच दिवशी करारातल्या ईमेलवरही. जमीनमालक सहप्रवर्तक म्हणून नोंदलेला असेल तर त्यालाही. ठेकेदाराच्या मागे जाऊ नका. बांधणारा आणि विकणारा वेगळे असले तरी रेराखाली दोघेही प्रवर्तक म्हणून संयुक्तपणे जबाबदार ठरतात, आणि 'ते आमच्या ठेकेदाराचं काम होतं' हे उत्तर तुम्ही स्वीकारायचं काही कारण नाही.

ते तीस दिवस

बिल्डरचा माणूस आला तर त्याला घरात येऊ द्या. 'आता कोर्टातच भेटू' या रागात दार बंद करणाऱ्यांची तक्रार कमकुवत होते, कारण 'दुरुस्ती करायला तयार होतो, प्रवेश दिला नाही' हा बिल्डरचा आवडता बचाव. पाहणीची नोंद दोन ओळींत लिहा आणि त्याची सही घ्या. नाही केली तर त्याच संध्याकाळी ईमेलने 'आज आपल्या प्रतिनिधीने अमुक पाहिलं' असं कळवून टाका.

काम सुरू करण्याआधी पद्धत लेखी मागा. इथेच बहुतेक सोसायट्या फसतात. बाथरूमच्या गळतीवर लादीच्या सांध्यांत ग्राउट भरून देणं म्हणजे डोकेदुखीवर कपाळाला बाम; पाणी लादीखालच्या संकन, म्हणजे मुद्दाम खोल ठेवलेल्या, भागात साठत असेल तर लादी आणि भराव काढून तळाचं वॉटरप्रूफिंग नव्याने करावं लागतं आणि पुन्हा पाणी साठवून बघावं लागतं. बाहेरच्या भिंतीवरचा तडा नुसता रंगवून बुजत नाही. तो इंग्रजी व्हीच्या आकारात खोदून, पॉलिमरयुक्त मसाला भरून, सांध्यावर जाळी लावून मग लवचीक रंग द्यायचा असतो. गच्चीवर जुन्या कोब्यावर नुसतं केमिकल फासण्याआधी उतार तपासा. १०० ला १ एवढा तरी उतार पाण्याच्या निकासाकडे नसेल तर पाणी साचतच राहणार. गंजलेल्या सळईभोवतीचं सैल काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत काढून, सळई साफ करून, झिज जास्त असेल तर जोड सळई देऊन, गंजरोधक लेप लावून मगच मायक्रोकाँक्रीट किंवा पॉलिमर मॉर्टर. अशा वेळी खाली टेकू द्यावे लागतात, आणि हे काम अभियंत्याच्या देखरेखीशिवाय होऊच देऊ नका.

घरात पाणी टपकतंय, विजेच्या बोर्डापर्यंत ओल आली आहे, तर वर्षभर निकालाची वाट पाहायची का? मुळीच नाही. करार कायद्याच्या कलम ७३ चं तत्त्वच असं आहे की नुकसान कमी करण्यासाठी तुम्हाला काय करता येण्यासारखं होतं, हेही भरपाई ठरवताना बघतात. तातडीची दुरुस्ती करा. पण आधी बिल्डरला ईमेलने कळवा, फोटो-व्हिडिओ घ्या, काढलेल्या मालाचा नमुना ठेवा, अभियंत्याची एक भेट त्या वेळी करवून घ्या आणि जीएसटी बिलं जपा. पुरावाच तोडून टाकला तर दोष होता हे दाखवणार कशाने?

बिल्डर काय म्हणेल

तुम्ही आत बदल केले, हा सर्वात भक्कम बचाव. भिंत पाडली, बाथरूमच्या टाइल बदलल्या, ग्रिल बसवताना बाहेरच्या भिंतीला भोकं पाडली. अशा सदनिकांची यादी स्वतःच करा आणि त्या तक्रारीत वेगळ्या दाखवा. एका घरातल्या बदलामुळे पूर्ण विंगच्या बाहेरच्या भिंतीचा दावा कोसळू नये.

देखभाल केली नाही, हा दुसरा. गच्चीवरच्या पन्हाळी साफ केल्याची, टाक्या धुतल्याची, लिफ्टच्या वार्षिक कराराची बिलं इथे कामाला येतात. काही करारांत 'दोष म्हणजे फक्त प्रवर्तकाच्या जाणूनबुजून केलेल्या हलगर्जीमुळे झालेला' अशी व्याख्या घुसडलेली सापडते. तिला घाबरू नका. कलम १४(३) मध्ये हेतू कुठेच येत नाही, आणि महारेराने दोषदायित्वाचं कलम बदलता न येणाऱ्या कलमांत ठेवलेलं आहे.

कुठे जायचं

इथे एक गुंता आहे, तो आधी समजून घ्या. नोव्हेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यूटेक प्रमोटर्स प्रकरणात स्पष्ट केलं की रेराखाली भरपाईची रक्कम ठरवण्याचा अधिकार कलम ७१ खालच्या न्यायनिर्णय अधिकाऱ्याचाच. बाकीचे निर्देश प्राधिकरण देतं. म्हणून 'दुरुस्ती करून द्या' ही मागणी महारेरा प्राधिकरणापुढे आणि 'नुकसानभरपाई द्या' ही न्यायनिर्णय अधिकाऱ्यापुढे, वेगळ्या नमुन्यात. दोन्ही एकाच अर्जात कोंबल्या की तारखा वाया जातात. प्राधिकरणाकडे तक्रार ऑनलाइन होते, शुल्क ५,००० रुपये. वकील सक्तीचा नाही. स्वतः किंवा कलम ५६ प्रमाणे सीए, कंपनी सेक्रेटरी यांच्यामार्फतही बाजू मांडता येते. सोसायटी स्वतःच्या नावाने तक्रार करू शकते.

त्याआधी महारेराच्या सलोखा मंचाचा विचार जरूर करा. २०१८ पासून हा मंच चालू आहे, त्यात ग्राहक संघटनेचा आणि विकासक संघटनेचा प्रतिनिधी बसतो. बिल्डरची पुढची इमारत विक्रीला असेल तर त्याला वाद मिटवण्याची घाई तुमच्यापेक्षा जास्त असते. त्याचा फायदा घ्या.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खालचा रस्ता समांतर आहे. गृहबांधणी ही 'सेवा' आहे हे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्येच लखनौ विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात सांगितलं, आणि रेरा असला तरी ग्राहक आयोगाचा मार्ग बंद होत नाही हे २०२० मध्ये इम्पेरिया स्ट्रक्चर्स प्रकरणात. सोय अशी की दुरुस्ती, केलेला खर्च, मनस्ताप आणि तक्रारीचा खर्च हे सगळं एकाच तक्रारीत मागता येतं. अधिकारक्षेत्र मोजताना दुरुस्तीचा खर्च नव्हे, घरासाठी दिलेली किंमत बघतात: ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, २ कोटींपर्यंत राज्य आयोग, त्यावर राष्ट्रीय आयोग. मुंबई-पुण्यात पाच लाखांच्या गळतीसाठीही राज्य आयोगात जावं लागतं ते यामुळे. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं, आणि 'पत्रव्यवहार चालू होता' म्हणून ती वाढत नाही. सबळ कारण दिलं तर उशीर माफ होऊ शकतो, पण त्यावर विसंबून राहू नये.

माझा कल सांगायचा तर: पाच वर्षं उलटायची आहेत, पैसे अजून खर्च झालेले नाहीत आणि मुख्यतः काम करून हवं आहे, तर महारेरा. दुरुस्ती स्वतः करून झाली आहे किंवा इमारत रेराबाहेरची आहे, तर ग्राहक आयोग. एकाच मागणीसाठी दोन्हीकडे धावू नका. दिवाणी न्यायालयाचा रस्ता रेरातल्या विषयांसाठी कलम ७९ ने बंदच केला आहे.

मागणी आणि आदेश

तक्रारीतली मागणी अशी लिहा की तिचा आदेश जसाच्या तसा अमलात आणता येईल. 'योग्य ती दुरुस्ती करावी' असा आदेश मिळाला तर बिल्डर पुन्हा रंगाचा डबा घेऊन येईल. 'अहवालातील परिशिष्टाप्रमाणे, दोष क्रमांक १ ते १४, अमुक पद्धतीने, सोसायटीच्या अभियंत्याच्या देखरेखीखाली, अमुक तारखेपर्यंत' असं मागा.

तडजोड झाली तर हेच तपशील संमतीपत्रात हवेत आणि ते संमतीपत्र प्राधिकरणापुढे दाखल व्हायला हवं, खासगी पत्रावर विश्वास ठेवू नका. कामाची तारीख ऋतू पाहून ठरवा. गच्चीचं वॉटरप्रूफिंग ऑक्टोबर ते मे या काळातच. काम झाल्यावर पुन्हा पाणी साठवून चाचणी आणि निदान दोन पावसाळ्यांची लेखी हमी. आणि 'पूर्ण समाधान झाले, आता कोणतीही तक्रार नाही' असं छापील पत्र सहीला पुढे केलं तर सही फक्त त्या दोष क्रमांकांपुरती, 'हमीच्या अधीन' असं हाताने लिहून.

महारेराचा निकाल बिल्डरविरुद्ध गेला आणि तो अपिलात गेला, तर रेराच्या कलम ४३(५) प्रमाणे सदनिकाधारकाला द्यायची रक्कम आधी भरल्याशिवाय त्याचं अपील ऐकलंच जात नाही. अपिलाची मुदत ६० दिवस. आदेश न पाळल्यास कलम ६३ खाली दर दिवसाचा दंड, एकूण प्रकल्पखर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंत. रकमेची वसुली कलम ४०(१) प्रमाणे जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते. महारेरा वसुली वॉरंट काढतं, पण ते तहसील कार्यालयात पडून राहू शकतं. वॉरंटचा क्रमांक घेऊन तिथे पाठपुरावा करायला कमिटीतल्या एकाला नेमा, आणि बिल्डरच्या न विकलेल्या सदनिका, भूखंड यांची यादी त्याच्या हातात द्या. जप्ती कशाची करायची हे कार्यालयाला कुणीतरी सांगावंच लागतं.